वरचे अडीच लाख

ओशिवऱ्याच्या आवारात दोघी शेजारी उभ्या,
एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या,
दोन दारं, दोन माणसांपुरती जागा,
डिकी एवढीशी, की बाजार केला तर नारळ मांडीवर.
एक राखाडी, छप्पर पत्र्याचं, पक्कं.
दुसरी मिरचीलाल, छप्पर कापडी,
बटण दाबलं की अठरा सेकंदांत
घडी होऊन मागे जाऊन बसणारं.

इरफान सरगुरोह म्हणाला, मॅडम, लालचे अडीच लाख वर.
मी विचारलं, कशाचे?
तो म्हणाला, छप्पर उघडतं ना.

अठ्ठावीस वर्षं मी सहकारी बँकेत
घरकर्जाच्या टेबलावर बसले.
छपरासाठी माणसं काय काय लिहून देतात
ते माझ्या सहीखालून गेलंय:
आईच्या पाटल्या, भावाची जामीनकी, साठीपर्यंतचं वय.
छप्पर नसण्याचे जास्त पैसे
पहिल्यांदाच ऐकत होते.

प्रतीक्षानगरच्या ट्रान्झिट कॅम्पात
आमच्या खोलीवर पत्रा होता
आणि पत्रा उडू नये म्हणून त्यावर दोन टायर,
आबांनी कुठल्याशा गॅरेजातून घरंगळत आणलेले.
आमच्या घराण्यातली पहिली गाडी ती.
कुठेच न जाणं
हेच तिचं काम.

बावतीस मेकॅनिकने दोघींच्या पोटाखाली शिरून
बॅटरी मारून पाहिली. राखाडी घे बाय, म्हणाला,
कापड म्हणजे लफडं, रबर सुकतं, मोटर जळते,
कावळे आहेत, कबुतरं आहेत,
आणि वरच्या मजल्यांवर राहतात ती माणसं आहेत.
त्याचं सगळं खरं होतं.

राखाडी चालवली. दार लागलं
लॉकरच्या खोलीचं लागतं तसं, जाड, आतल्या आत.
एसी, माझा श्वास, इंजिनाची गुरगुर,
मुंबई काचेपलीकडे, आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखी.
इतकं बरं वाटलं
की मी लवकर परत आणून उभी केली.

मग लाल. लिंक रोडला छप्पर उघडलं
तर वर आकाश नव्हतंच, मेट्रोचा पूल होता.
सिग्नलला शेजारी बस.
खिडकीतून एक बाई सरळ माझ्या मांडीत बघत होत्या,
पर्स केवढी, बोटात अंगठी आहे का,
आणि शेवटी न राहवून,
"ऊन नाही लागत?"
लागतं, म्हटलं.
"मग?"
सिग्नल सुटला.
उत्तर तयार नव्हतं. अजूनही नाही.

इरफान म्हणाला, साहेब येतील का एकदा बघायला?
त्यांनी राखाडीच घेतली असती, म्हटलं.
आणि बरोबर ठरले असते, नेहमीसारखे.
मग मी अडीचाचे पावणेदोन केले.
लालने परत आले.

रात्री दहिसरला, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये,
खांब नंबर नऊ. वॉचमन जेवायला गेलेला.
इंजिन बंद केलं, बटण दाबलं,
अठरा सेकंद. मोजले. बावीस लागले.
वर पाहिलं:
स्लॅब. कामेरकरांच्या न्हाणीचा पाइप,
सांध्याला गोणपाट गुंडाळलेलं,
ओलीचा एक डाग, कडेने पिवळा.
कुणाच्या तरी कर्जाची खालची बाजू.
बसून राहिले.

सांध्यावर थेंब जमत होता. फुगत होता.
तो सुटायच्या आत
माझा हात पुढे गेला होता, वाटी करून,
जसे आम्ही झोपेतून उठायचो,
भांडं न वाजवता.